विहिरीपाशी थांबलेली कथा : पंडिता रमाबाईंचे बायबलवाचन

१/ धर्मग्रंथातील एखादी गोष्ट वाचणे आणि तिच्यामुळे आयुष्याची दिशा बदलणे, या दोहोंमध्ये नेमके काय घडते? १८८३ साली इंग्लंडमध्ये राहणाऱ्या २५ वर्षांच्या एका मराठी विधवेच्या बाबतीत हे पाहता येते. ही विधवा म्हणजे पंडिता रमाबाई. 🧵

२/ रमाबाई काही कोऱ्या पाटीने बायबलकडे वळल्या नव्हत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. तीर्थाटनात पुराणे सांगतच त्यांचे बालपण गेले. आईवडील दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

३/ १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. आसामातील त्या अल्प संसारात लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका त्यांच्या हाती पडली. १८८२ साली पती निवर्तले. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन, पुढच्याच वर्षी त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या.

४/ वैद्यक शिकण्याचा बेत कमी ऐकू येत असल्याने बारगळला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. तेथून त्यांना लंडनमधील शाखेत पाठवण्यात आले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी भगिनी तेथे आश्रयगृह चालवीत. एकेकाळी तेथे आश्रय घेतलेल्या काही स्त्रिया आता इतरांची सेवा करताना रमाबाईंनी पाहिल्या.

५/ त्यांना प्रश्न पडला : अशा स्त्रियांना जवळ करावेसे या लोकांना का वाटते? त्यांनी वाचलेल्या धर्मशास्त्रांत अशा स्त्रीच्या वाट्याला शिक्षाच होती. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला.

६/ कथा अशी : भर दुपारी थकलेला येशू शोमरोनातील याकोबाच्या विहिरीपाशी बसला आहे. पाणी भरायला आलेल्या स्त्रीकडे तो पाणी मागतो. ती चकित होते. यहुदी माणूस शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो कसा? शिष्य परततात तेव्हा त्यांना वेगळेच नवल वाटते : हा एका स्त्रीशी बोलतो कसा?

७/ या नवलामागे इतिहास आहे. यहुद्यांचे मंदिर यरुशलेमेत, तर शोमरोन्यांचे पवित्र स्थान गरिज्जीम डोंगरावर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने गरिज्जीमवरील मंदिर उद्ध्वस्त केले. दोन्ही समाजांत रोटीव्यवहार दुरावलेला. भारतीय वाचकाला पाण्यावरून उभी राहिलेली भिंत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

८/ येशू त्या स्त्रीला तिच्या पाच पतींविषयी बोलतो. परंपरेने तिला दुराचारी ठरवले. मूळ अध्यायात मात्र तिला कोठेही ‘पापी’ म्हटलेले नाही. पाच वेळा वैधव्य आले, की पतींनी टाकले, हेही सांगितलेले नाही. ती मात्र थेट धर्मचर्चेलाच हात घालते : उपासना डोंगरावर करावी की यरुशलेमेत? उत्तर येते : दोन्हींच्या पलीकडे, आत्म्याने व सत्याने.

९/ रमाबाईंना भिडली ती ही कथा. बहिष्कृत स्त्रीला दिलेला मान आणि स्थळापलीकडची उपासना, हे दोन्ही तिच्यात होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

१०/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. हा प्रसंग रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनातून कळतो, म्हणजे २४ वर्षांनी. नंतरच्या श्रद्धेचा रंग स्मृतीवर चढलेला असणार. त्यामुळे त्या काळातील त्यांची पत्रे महत्त्वाची ठरतात. ती १९७७ साली प्रकाशित झाली आहेत.

११/ या पत्रांत आज्ञाधारक नवख्रिस्ती दिसत नाही. त्रैक्य, चमत्कार, कुमारीजन्म यांवर रमाबाई सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी वाद घालतात. एका पुरोहितवर्गाचे जू उतरवून दुसऱ्याचे मानेवर घ्यायचे नाही, ही त्यांची भूमिका. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही त्या विचारतात.

१२/ इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. विहिरीवरच्या शिष्यांचे नवल अठराशे वर्षांनंतरही ओसरलेले नव्हते.

१३/ पुढे वाचनाचे कृतीत रूपांतर झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. विधवांना शिक्षण व निवारा देणारी ही संस्था. दुष्काळातील स्त्रिया-मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले आणि त्याच आवारात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’. लंडनमध्ये पडलेल्या प्रश्नाचे हे त्यांचे उत्तर होते.

१४/ या उत्तरालाही प्रश्न विचारले गेले. सदनात धर्मांतराला वाव दिला जातो, या आरोपावरून १८९३ साली रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. स्वतः चर्चच्या अधिकाराला न नमलेल्या रमाबाईंच्या आश्रयाला आलेल्या पोरक्या मुलींना तितकीच मोकळीक होती का? हा प्रश्न टीकाकारांचा म्हणून झटकता येत नाही. त्याच वेळी, दुष्काळात त्या मुलींना दुसरे दार किती ठिकाणी उघडे होते, हेही विचारावे लागते.

१५/ रमाबाईंच्या वाचनाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी डोळ्यांसमोरचा प्रश्न, मग कथा; कथा पटली तरी सांगणाऱ्याशी वाद; आणि शेवटी, आपल्या समाजात त्या विहिरीपाशी आज कोण उभे आहे, याचा शोध.

१६/ आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. जड संस्कृत शब्द टाळायचे, साध्या स्त्रीलाही वाचता आले पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. इतरांच्या अर्थावर विसंबून न राहता प्रत्येकीला स्वतः वाचता यावे, हा त्यातला गाभा. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. १९२४ साली ते भाषांतर ग्रंथरूपाने आले. त्यातला योहानाचा चौथा अध्यायही अर्थातच त्यांच्याच मराठीत होता.