तेजाची गळती

शास्त्रीय शोधांचा इतिहास लिहिणारे बहुधा मिळकतीचा हिशेब मांडतात. गळतीचा हिशेब त्यांच्या वहींत क्वचितच सांपडतो. परंतु समुद्रतळींच्या कांचतंतूंतून खंडाखंडांचे निरोप ज्या प्रकाशावर स्वार होऊन धांवतात, त्याची निवड कशी झाली हें शोधूं गेल्यास, ती गळतीनेंच केली असें दिसून येईल. ती हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांचतंतूंतून लांबवर निरोप पाठवितां येतील, हें चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं १९६६ सालीं इंग्लंडांत साधार मांडलें. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तशी निर्मळ कांच करून दाखविली. तथापि उत्तम तंतूंतहि सुमारें १५ किलोमीटरांवर प्रकाश निम्मा होतो. म्हणून १९८८ सालच्या टॅट-८ या अटलांटिक तारेंत प्रकाशाची वीज आणि विजेचा पुनः प्रकाश करणारीं यंत्रें ठिकठिकाणीं बसवावीं लागलीं. हा द्राविडी प्राणायाम टाळून प्रकाशासच प्रकाशानें पुष्ट करणें शक्य नव्हतें काय?

युक्ति माहीत होती. एलियस स्निट्झर यांनीं १९६१ सालीं निओडिमियम मिसळलेल्या कांचेपासून लेसर सिद्ध केला, आणि १९६४ सालीं चार्ल्स कोस्टर यांच्यासह तशाच तंतूनें प्रकाश वाढवून दाखविला. या दुर्मीळ मृत्तिकावर्गीय मूलद्रव्यांचे परमाणु बाहेरील प्रकाशानें वरच्या पायरीवर चढतात, व निरोपाचा किरण जवळून जातांच आपली ऊर्जा त्याच्या स्वाधीन करून खालीं उतरतात. अट एवढीच कीं, किरण येईपर्यंत ती ऊर्जा शिल्लक राहिली पाहिजे.

येथेंच गळतीचा प्रश्न उभा राहतो. कांचेचे कण सदैव कंप पावतात, आणि परमाणूजवळची ऊर्जा उष्णतेच्या रूपानें ओढून घेतात. मात्र घेतात ती ठरलेल्या मापानें. ऊर्जा जितकीं अधिक मापें भरेल, तितकी तिची गळती दुर्घट. त्या काळीं व्यवहारांतील बहुतेक तंतु १.३ मायक्रॉन लांबीच्या प्रकाशलहरींसाठीं घातलेले होते, आणि पैसाहि तिकडेच गुंतला होता. त्या लहरींस प्रेसिओडिमियम अनुकूल. पण नेहमींच्या सिलिकाकांचेंत त्याची ऊर्जा तीनच मापांत संपते, आणि किरण येण्यापूर्वीं परमाणु रिता होतो. फ्लोराइड कांचेचें माप सिलिकेच्या जवळजवळ निम्में असल्यानें तींत तो तग धरतो. परंतु ती कांच ठिसूळ, ओलाव्यास भिणारी व सिलिकेस सांधण्यास अवघड.

एर्बियमची गोष्ट निराळी. त्याच्या ऊर्जेस तशीं सहा मापें लागतात. म्हणून तो वरच्या पायरीवर सेकंदाचा शंभरावा भाग टिकतो. वाचकांस हा काळ क्षुद्र वाटेल, पण तेवढ्यांत कांचेंतला प्रकाश दोन हजार किलोमीटर जातो! शिवाय तो ज्या १.५५ मायक्रॉनच्या लहरी वाढवितो, त्यांची कांचेंत होणारी घटहि सर्वांत कमी.

एर्बियमहि सर्वस्वीं निर्दोष नाहीं. त्याचे परमाणु दाट मिसळले तर घोळके करतात. मग एक परमाणु आपली ऊर्जा शेजाऱ्यास देतो, शेजारी आणखी वर चढून लगेच घसरतो, आणि दोघांच्या पुंजींतील निम्मी उष्णतेंत जाते. कांचेंत ॲल्युमिनियम घातल्यानें हे घोळके पांगतात, हा त्यावरील उतारा. पाण्याचा अंश उरल्यास तोहि ऊर्जा शोषतो. आणि बाहेरील प्रकाश न पोंचलेला एर्बियम-तंतु तर निरोप वाढविण्याऐवजीं गिळूनच टाकतो.

या अडचणी ओलांडून १९८७ सालीं साउदॅम्प्टनमध्यें डेव्हिड पेन व त्यांचे सहकारी यांनीं, आणि अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत एमान्युएल देसुर्विर यांनीं, एर्बियम-तंतूचे वर्धक सिद्ध केले. १९९५-९६ सालच्या टॅट-१२ व टॅट-१३ या तारांनीं त्यांस अटलांटिकच्या तळाशीं नेलें.

स्वीडनमधील इटर्बी गांवच्या खाणींतल्या खनिजापासून मोसांदर यांनीं १८४३ सालीं एर्बियम शोधिलें, तेव्हां त्याचा असा उपयोग कोणाच्या स्वप्नींहि नव्हता. पुढें १.३ मायक्रॉनच्या बाजूस भांडवल व व्यवहार दोन्ही होते. परंतु तीन मापें आणि सहा मापें यांतील फरकानें त्या पुंजीवर मात केली. कमावण्यापेक्षां राखणें अवघड, हें व्यवहारवचन परमाणूंच्या संसारांतहि खरें ठरलें.