जनरल मोटर्स : शिवडी ते तळेगांव

जुन्नरच्या एस्. टी. स्थानकाबाहेर किंवा मंचरच्या चौकांत थोडा वेळ उभें राहिलें, तर ओतूर, घोडेगांव, आळेफाटा अशा गांवांकडे उतारू घेऊन जाणाऱ्या वडापच्या गाड्या दृष्टीस पडतात. त्यांत अजूनहि एखादी जुनी टॅव्हेरा आढळते. तिच्या तोंडावर सोनेरी रंगाचें, आडव्या फुलीसारखें एक चिन्ह असतें. तें शेव्हरोलेचें चिन्ह होय. ज्या कंपनीनें ही गाडी काढली, ती जनरल मोटर्स कंपनी आतां भारतांत एकहि गाडी विकीत नाहीं. तिचा गुजराथेंतील कारखाना एका परकीय कंपनीकडे गेला, आणि आपल्या पुणें जिल्ह्यांतील कारखाना दुसऱ्या परकीय कंपनीकडे गेला. गाडी मात्र धांवत आहे, कारण तिची दुरुस्ती करणारे हात येथलेच आहेत.

श्रोतेहो, एका अमेरिकन कंपनीच्या चढउताराशीं आपणांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु ही कंपनी महाराष्ट्रांत एकदां नव्हे, दोनदां आली आणि दोनदां गेली. पहिल्यानें ती आली मुंबईस शिवडी येथें, १९२८ सालीं. दुसऱ्या वेळीं मावळांत तळेगांव येथें, २००८ सालीं. मधल्या ऐंशी वर्षांत आपला देश बदलला आणि ती कंपनीहि बदलली. या दोन भेटींचा हिशेब मांडला, तर बाहेरून आलेला मोठा धंदा एखाद्या प्रदेशाला काय देतो आणि जातांना काय मागें ठेवतो, हें थोडेंफार समजतें.

कंपनीचा मूळ पुरुष विल्यम ड्युरंट. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत फ्लिंट नांवाचें गांव आहे, तेथें हा घोडागाड्यांचा मोठा कारखानदार होता. १९०४ सालीं त्यानें ब्यूइक नांवाची डबघाईस आलेली मोटार कंपनी हातीं घेतली, आणि १६ सप्टेंबर १९०८ रोजीं जनरल मोटर्सची स्थापना केली. ड्युरंट हा यंत्रज्ञ नव्हता. तो विक्या होता, आणि त्याहून अधिक म्हणजे कंपन्या विकत घेण्याचें त्याला व्यसन होतें. ओल्ड्स्मोबील, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या त्यानें एकामागून एक पोटांत घातल्या. कर्ज इतकें वाढलें कीं १९१० सालीं सावकार पेढ्यांनीं त्याच्या हातून सत्ता काढून घेतली. दुसरा कोणी असता तर स्वस्थ बसला असता. यानें लुई शेव्हरोले या शर्यतींत मोटारी हांकणाऱ्या गृहस्थास हाताशीं धरून १९११ सालीं नवी कंपनी काढली, आणि तिच्या नफ्याच्या बळावर १९१६ सालीं जनरल मोटर्स परत मिळविली. १९२० सालीं शेअर-बाजाराच्या घसरगुंडींत त्यानें ती पुन्हां गमावली, ती कायमची. जगांतील सर्वांत मोठी मोटार कंपनी ज्यानें उभारली, तो १९३६ सालीं दिवाळखोर ठरला आणि १९४७ सालीं वारला.

ड्युरंटनें जमविलेल्या पसाऱ्याला शिस्त लावली ती आल्फ्रेड स्लोन यानें. १९२३ सालीं तो अध्यक्ष झाला. त्या वेळीं हेन्री फोर्ड एकच गाडी, एकाच धाटणीची, दर वर्षीं अधिकाधिक स्वस्त करून विकीत होता. स्लोननें निराळा मार्ग धरला. प्रत्येक खिशाला परवडेल अशी निराळी गाडी असावी. तळाशीं शेव्हरोले, मग ओकलंड, ओल्ड्स्मोबील, ब्यूइक, आणि शिखरावर कॅडिलॅक. मनुष्याची मिळकत वाढली कीं त्यानें एक पायरी वर चढावें. दर वर्षीं गाडीचें रूप थोडें बदलावें, म्हणजे गेल्या वर्षाची गाडी जुनाट वाटूं लागते. आणि रोख पैसा नसेल त्याला हप्त्यानें गाडी द्यावी. त्यासाठीं कंपनीनें १९१९ सालींच स्वतःची सावकारी पेढी काढली होती. आज आपल्या शहरांत हप्त्यानें मोटार घेणें ही नित्याची गोष्ट झाली आहे. तिचें मूळ पुष्कळसें येथें आहे. १९३१ पासून पुढें ७७ वर्षें जगांत सर्वांत जास्त मोटारी विकणारी कंपनी हीच होती.

याच भरभराटीच्या लाटेवर ती हिंदुस्थानांत आली. फोर्ड १९२६ सालीं आली होती. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडीस कारखाना उघडला. परंतु त्यास कारखाना म्हणावें कीं जोडणीघर म्हणावें, हा प्रश्नच आहे. अख्खी मोटार जहाजांतून आणली, तर ती पुष्कळ जागा अडविते आणि भाडें भारी पडतें. म्हणून सुटे भाग लांकडी खोक्यांत भरून आणावयाचे, आणि शिवडीस ते जोडून गाडी उभी करावयाची, अशी ती व्यवस्था होती. इंग्रज राज्यांत अमेरिकन गाडी खपली, याचेंहि कारण उघड आहे. इंग्लंडांत मोटारींवरील कर अश्वशक्तीच्या मानानें असे, म्हणून तिकडील गाड्या लहान यंत्राच्या व सडपातळ बांध्याच्या होत. अमेरिकन गाडी उंच, दणकट, कच्च्या रस्त्याला न भिणारी. आपल्या घाटांना आणि खडीच्या रस्त्यांना तीच मानवली. ट्रकचा व बसचा नुसता सांगाडा घेऊन त्यावर येथल्या सुतार-लोहारांनीं लांकडी टप व बांक चढवावे, आणि ती गाडी तालुक्याच्या रस्त्यावर सोडावी, असा क्रम असे. दुसऱ्या महायुद्धांत शिवडीस लष्करी वाहनेंहि जोडलीं गेलीं.

पण या देशांत मोटार जोडली जावी, हें निराळें, आणि मोटार घडविली जावी, हें निराळें. हा भेद ज्यांनीं ओळखला, त्यांत सर विश्वेश्वरय्या व शेठ वालचंद हिराचंद हे प्रमुख होत. विश्वेश्वरय्यांनीं १९३५-३६ च्या सुमारास मुंबईंत मोटारींचा कारखाना काढण्याची योजना मांडली; परंतु दिल्लीच्या सरकारचें साहाय्य मिळालें नाहीं. वालचंदांनीं चिकाटी सोडली नाहीं. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापिली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार करून कुर्ल्यास काम सुरू केलें. महिंद्रांनीं मुंबईंत जीप गाड्यांची जोडणी सुरू केली, तीहि याच सुमारास, १९४७ सालीं. आरंभीं यांचेंहि काम जोडणीचेंच होतें. पण हळूहळू एकेक भाग येथें घडवावयाचा, ही त्यांची प्रतिज्ञा होती.

स्वतंत्र भारताच्या सरकारनें मग निर्णय घेतला. १९४९ सालीं तयार मोटारींची आयात बंद झाली. १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें शिफारस केली कीं, ज्यांच्यापाशीं येथें गाडी घडविण्याचा कार्यक्रम आहे त्यांनींच या धंद्यांत राहावें. केवळ जोडणी करणाऱ्यांनीं तीन वर्षांत काम आवरावें. लहान बाजारपेठेसाठीं यंत्रें घालण्याची जनरल मोटर्सची तयारी नव्हती. १९५४ सालीं शिवडीचा कारखाना बंद झाला. २६ वर्षांची पहिली भेट संपली. मागें राहिले ते हाताला वळण लागलेले फिटर, मिस्त्री आणि चालक. परंतु मोटार घडविण्याची विद्या राहिली नाहीं, कारण ती येथें आलीच नव्हती.

पुढें चाळीस वर्षें दार बंद होतें. १९९१ नंतर तें उघडूं लागलें, तेव्हां १९९४ सालीं कंपनी हिंदुस्थान मोटर्सच्या भागींत गुजराथेंत हालोल येथें परतली. प्रथम तिनें ओपेल नांवाच्या जर्मन घराण्याच्या गाड्या विकल्या. २००३ पासून शेव्हरोले हें नांव पुन्हां आणलें. आपल्या ग्रामीण भागांत शिरलेली टॅव्हेरा हालोलचीच. त्यानंतर तळेगांव येथें दुसरा कारखाना उभा राहिला. वर्षाला १,४०,००० गाड्या काढण्याची त्याची शक्ति होती. शिवडीप्रमाणें येथें नुसतें जोडकाम नव्हतें. पत्रा दाबणें, सांधणें, रंग देणें हें सर्व तेथें होई, आणि पुढें एंजिनेंहि तेथेंच बनूं लागलीं. चाकण-तळेगांवच्या परिसरांत सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांची रांगच लागली होती. भीमाशंकरच्या डोंगरापासून शिवनेरीच्या पायथ्यापर्यंतच्या मुलांना, एका पिकावर भागत नाहीं अशा घरांतील मुलांना, आय्. टी. आय्. चें प्रमाणपत्र घेऊन याच पट्ट्याकडे वळण्याची वाट दिसूं लागली.

दैवाचा खेळ पाहा. तळेगांवचा कारखाना उघडला सप्टेंबर २००८ मध्यें. कंपनीच्या शंभराव्या वाढदिवसाच्या महिन्यांत, आणि त्याच महिन्यांत अमेरिकेंतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडून जगभर आर्थिक संकट कोसळलें. त्याच वर्षीं जपानच्या टोयोटानें पहिला क्रमांक हिरावून घेतला. १ जून २००९ रोजीं जनरल मोटर्सनें दिवाळ्याचा अर्ज केला. याचीं कारणें एका रात्रींतलीं नव्हतीं. १९७३ व १९७९ च्या तेलटंचाईनंतर गिऱ्हाईक लहान, काटकसरीच्या गाडीकडे वळलें, तेव्हां कंपनी मोठ्या गाड्यांच्या नफ्याला चिकटून राहिली. निवृत्त कामगारांचीं पेन्शनें व दवाखान्याचा खर्च यांचें ओझें वाढत गेलें. स्लोनच्या शिडीच्या पायऱ्या एकमेकींसारख्याच दिसूं लागल्या. अमेरिकन सरकारनें सुमारें ४९५० कोटी डॉलर ओतून कंपनी वांचविली. पाँटिअॅकसारखीं जुनीं नांवें मात्र गेलीं.

वांचलेली कंपनी पूर्वीची राहिली नाहीं. पूर्वी तिला जगांत सर्वत्र असावयाचें होतें. आतां जेथें नफा तेथेंच राहावयाचें, हें सूत्र ठरलें. भारतांत तिला बस्तान बसवितां आलें नाहीं. गाड्यांचीं नांवें व तोंडवळे वरचेवर बदलले. लहान गाडींत मारुति व ह्युंदाई यांनीं बाजार धरून ठेवला होता. २०१३ सालीं सुमारें १,१४,००० टॅव्हेरा गाड्या परत बोलाविण्याची पाळी आली. धुराच्या सरकारी कसोटींत कंपनीच्या माणसांनीं लबाडी केली, असें तिच्याच चौकशींत निघालें. २०१६-१७ सालीं तिच्या येथें खपलेल्या गाड्या सुमारें २६,००० भरल्या, तर परदेशीं गेलेल्या ७०,००० च्या घरांत होत्या. मे २०१७ मध्यें भारतांतील विक्री थांबविण्याची घोषणा झाली. त्याच वर्षीं हालोलचें काम थांबून तो कारखाना एका चिनी कंपनीच्या हातीं गेला. तळेगांवास मेक्सिको वगैरे देशांसाठीं गाड्या बनत राहिल्या, आणि डिसेंबर २०२० मध्यें तेंहि थांबलें.

यानंतरचा भाग सर्वांत दुःखाचा. कारखाना एका दुसऱ्या चिनी कंपनीस विकण्याचा करार २०२० च्या आरंभीं झाला होता. परंतु सीमेवरील चकमकीनंतर चिनी भांडवलावर निर्बंध आले आणि तो सौदा फिसकटला. कारखाना बंद करण्याची परवानगी राज्य सरकारनें नाकारली. १४०० हून अधिक कामगारांना २०२१ सालीं कामावरून कमी केल्याच्या नोटिसा मिळाल्या. नवा मालक आला तर आम्हांलाहि कामासह घ्या, एवढीच त्यांची मागणी होती. तिच्यासाठीं ते न्यायालयांत गेले, त्यांनीं उपोषणें केलीं. शेवटीं २०२३ सालीं कोरियाच्या ह्युंदाई कंपनीनें जमीन, इमारती व यंत्रें विकत घेण्याचा करार केला. जानेवारी २०२४ मध्यें तो पुरा झाला, आणि २०२५ सालीं तेथून पुन्हां गाड्या बाहेर पडूं लागल्या. करारांत जमीन होती, यंत्रें होतीं, माणसें नव्हतीं.

आतां दोन भेटींचा हिशेब करूं. पहिल्या भेटींत विद्या आली नाहीं. दुसऱ्या भेटींत ती आली, आणि कंपनी गेली तरी राहिली. चाकणच्या सुट्या भागांच्या धंद्याला दुसरें गिऱ्हाईक मिळालें. तळेगांवची इमारत ओस पडली नाहीं. प्रदेशाच्या दृष्टीनें पाहिलें तर तोटा भरून निघाला असें म्हणतां येईल. पण प्रदेश हा माणसांचा बनतो. पंचविशींत नोकरीला लागून चाळिशीच्या उंबरठ्यावर घरीं बसलेल्या माणसाला, जिल्ह्याची औद्योगिक वाढ होत आहे, हें वाक्य काय समाधान देणार? १९५३ सालीं सरकारनें विचारलें होतें कीं, तुम्हीं येथें काय घडविणार? पुढें दार उघडतांना आणखी एक प्रश्न विचारावयास हवा होता : जातांना माणसांची व्यवस्था काय?

परदेशी व्यापारी येणें व जाणें ही जुन्नरला नवी गोष्ट नाहीं. नाणेघाटांतून वर येणारा माल दोन हजार वर्षांपूर्वीं याच गांवीं उतरत असे. त्या व्यापाराच्या निमित्तानें आलेले यवनहि परत गेले, किंवा येथल्याच लोकांत मिसळून गेले. परंतु जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत त्यांपैकीं तिघांचीं नांवें आजहि वाचावयास मिळतात. त्यांतील इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टांकीं खोदवून दिलीं, असें तो लेख सांगतो. त्याचा व्यापार किती होता आणि त्याला नफा किती झाला, याची नोंद कोठें नाहीं. त्यानें मागें काय ठेवलें, एवढीच नोंद उरली आहे.