फोर्डची बेचकी

मोटारीचे एंजिन बदलावयाचे म्हणजे जुने उचलून बाहेर काढावयाचे आणि त्या जागी अधिक ताकदीचे दुसरे बसवावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९३० नंतरच्या दशकात ज्या तरुणांनी हा उद्योग हौसेने आरंभिला, त्यांस मात्र अनुभव निराळा आला. जुने एंजिन निघाले की पुढच्या चाकांचा आधारही त्याच्याबरोबर नाहीसा होई. असे का व्हावे, हे समजण्यासाठी हेन्री फोर्डच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’ गाडीपर्यंत मागे जाणे भाग आहे.

त्या काळी अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील रस्ते म्हणजे चिखल आणि चाकोऱ्या. त्यांवरून शेतकऱ्याची गाडी मोडतोड न होता जावी, हा फोर्डचा ध्यास होता. त्याने पुढचा आस एकसंध घडीव पोलादाचा केला आणि त्यावर पोलादी पाट्यांची एकच आडवी स्प्रिंग ठेवली. पण अशी स्प्रिंग गाडीचा भार पेलते. आसाला मागेपुढे सरकण्यापासून ती पुरेशी आवरू शकत नाही. वाटेत धोंडा लागला की आस मागे लोटला जावयाचा. म्हणून आसाच्या दोन्ही टोकांपासून दोन दांडे मागे नेऊन ते एका बिंदूत जोडले, तेथे लोखंडी गोळा बसविला आणि तो गोळा एंजिनाच्या पोटाखाली केलेल्या उखळीत अडकविला. पक्ष्याच्या छातीच्या दुभंगलेल्या हाडासारखा हा आकार, म्हणून अमेरिकन लोक त्याला ‘विशबोन’ म्हणतात. मराठीत बेचकी म्हटले तर आकार चटकन डोळ्यांपुढे येईल.

ह्या बेचकीचे मर्म तिवईवरून ध्यानात यावे. चार पायांचे चौरंग उंचसखल जमिनीवर डुगडुगते. तिवई कशीही ठेवली तरी तिचे तिन्ही पाय टेकतात. फोर्डच्या आसाची दोन टोके आणि मागचा गोळा मिळून अशीच तिवई होत असे. एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे खड्ड्यात गेले तरी सबंध आस त्या गोळ्याभोवती निमूटपणे कलत असे आणि कोठल्याही दांड्याला पीळ बसत नसे. १९२७ पर्यंत ‘मॉडेल टी’च्या दीड कोटी गाड्या निघाल्या, त्या ह्याच रचनेच्या.

परंतु ह्या युक्तीत एक गोम होती. गोळ्याची उखळी एंजिनाखाली. मागच्या बाजूस चाकांकडे जाणारा फिरता दांडा एका नळीत बंद केलेला, आणि मागची चाके गाडीला जो रेटा देत तो त्या नळीतून थेट गिअरपेटी व एंजिन यांवर येई. म्हणजे एंजिन हे केवळ शक्ती देणारे यंत्र राहिले नव्हते; घराच्या मधल्या खांबासारखे ते पुढचा आणि मागचा दोन्ही भार अंगावर घेऊन उभे होते. १९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’ गाडीतही मूळ योजना हीच राहिली.

‘मॉडेल ए’चे एंजिन चार सिलिंडरांचे, ४० अश्वशक्तीचे. १९३२ मध्ये फोर्डनेच आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे ‘व्ही-८’ एंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीच्या गाडीत घातले. मंदीचे दिवस होते. भंगाराच्या आवारात अपघाती गाड्यांची एंजिने स्वस्तात मिळत आणि हलकी ‘मॉडेल ए’ तर गल्लोगल्ली होती. ह्या दोहोंची सोयरीक जमविण्याची कल्पना पोरांच्या डोक्यात यावयास उशीर लागला नाही. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस म्युरॉक नावाचे आटलेले सरोवर आहे. त्याच्या तळाची माती वाळून मैलोगणती सपाट झालेली. तेथे ह्या गाड्या पळविल्या जात. १९३७ मध्ये तर त्यांचा वेग मोजण्यासाठी दक्षिण कॅलिफोर्नियातील मंडळांनी आपली एक संघटनाच स्थापन केली.

अडचण उभी राहिली ती बेचकीपाशी. नव्या एंजिनाच्या मागच्या आवरणाचा घाट निराळा, त्यामुळे गोळ्याची उखळी जागेवर नाही. दुसऱ्या जातीचे एंजिन वा गिअरपेटी घालावयाची तर तेलाचे भांडे नेमके दांड्यांच्या आड येणार. ह्यावर कारागिरांनी काढलेला तोडगा अगदी सरळ होता: करवत घ्यावयाची आणि बेचकी जोडावर कापून टाकावयाची! दोन्ही दांडे बाजूस फाकवावयाचे, लागल्यास तापवून वाकवावयाचे. प्रत्येकाच्या पोकळ टोकात आटे पाडलेला ठोकळा वितळजोडाने बसवावयाचा. त्यात सुकाणूच्या दांड्यास असतो तसला गोळ्याचा सांधा फिरवावयाचा आणि तो सांगाड्याच्या त्या त्या बाजूच्या तुळईस अडकवावयाचा. मधली जागा मोकळी झाली. वाटेल ते एंजिन खाली उतरवा.

मात्र करवतीच्या त्या एका कापाने फोर्डची तिवई मोडली. आता डावे चाक उचलले गेले की डावा दांडा स्वतःच्या सांध्याभोवती वर फिरे आणि आसाचे डावे टोकही आपल्याबरोबर फिरवू पाही. उजवे टोक मात्र जेथल्या तेथे. मधल्या आसाला ओले धोतर पिळावे तसा पीळ बसे. आश्चर्य असे की, गाड्या तरीही धावल्या. त्याचे श्रेय कापणाऱ्यांपेक्षा फोर्डच्या पोलादाला द्यावयास हवे. त्याच्या आसाचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा. असा आस वाकण्यास कठीण, पण पिळास पुष्कळ सोसणारा. शिवाय सरोवराच्या सपाट तळावर एक चाक वर आणि एक खाली असा प्रसंगच क्वचित येई. दोष होता तो सपाटीने झाकला.

तो उघडा पडला नळीच्या आसाबरोबर. १९३७ ते १९४० ह्या वर्षांत फोर्डने आपल्या लहान, ६० अश्वशक्तीच्या ‘व्ही-८’ गाड्यांना पोकळ नळीचा आस दिला होता. तो हलका आणि देखणा, म्हणून हौशी लोकांनी तो उचलला. फोर्डने तो अखंड बेचकीबरोबर वापरला होता, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात आली नाही. नळी पिळास दाद देत नाही. मग तो सगळा जोर सांध्यांवर, पट्ट्यांवर आणि वितळजोडांवर पडतो. तेथे बारीक तडा जातो आणि एके दिवशी दांडा सुटतो. हा सांधा ज्या चाकांना धरून आहे तीच गाडीला दिशा देणारी चाके, हे ध्यानात घेतले म्हणजे जोखीम केवढी होती ते कळते.

युद्धानंतर हा छंद देशभर पसरला. १९४८ च्या जानेवारीत त्याला वाहिलेले ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. १९४९ मध्ये कॅडिलॅक व ओल्ड्समोबिल यांची नव्या धर्तीची एंजिने आली, १९५५ मध्ये शेव्हरोलेचे आले, आणि बेचकी कापणे हा जणू रिवाजच झाला. मागचा बंद नळीचा दांडा जाऊन उघडा आला, तेव्हा मागच्या दांड्यांचीही तीच गत झाली. हेन्री फोर्ड आडव्या स्प्रिंगला अखेरपर्यंत चिकटून राहिला. १९४७ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी दाखविलेल्या १९४९ च्या गाडीतून आडवी स्प्रिंग, बेचकी आणि बंद नळी ही तिन्ही गेली.

हौशी कारागिरांना खरा उपाय हळूहळू सापडला. प्रत्येक बाजूस एकाऐवजी दोन समांतर दांडे, एक वर व एक खाली, बसविले की आसाचे टोक न फिरता सरळ वरखाली होते आणि पीळ उरत नाही. ही चार दांड्यांची रचना १९७० च्या दशकात चांगलीच प्रचारात आली. तरीही जुन्या घाटाची गाडी बांधणारे आजही बेचकी कापतात, कारण ती डोळ्याला बरी दिसते. त्यांतील जाणते लोक तिच्यापुढे नळीचा आस मात्र घालीत नाहीत. भंगारातून फोर्डचा जुना घडीव आसच शोधून आणतात.