बाप्तिस्मा

ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणे, बुचकळणे. मराठी कॅथलिकांत ‘स्नानसंस्कार’ हा शब्दही रूढ आहे. पण संत पौलाच्या मते (रोमकरांस पत्र, अध्याय ६) हे नुसते स्नान नव्हे, ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात उठणे आहे. संस्कार पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने होतो. कॅथलिक चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात, तेल लावतात, पांढरे वस्त्र घालतात आणि मेणबत्ती पेटवून धर्मपित्याच्या हाती देतात. बॅप्टिस्ट व पेंटेकोस्टल मंडळ्यांत जाणत्या वयात, विश्वास कबूल केल्यावर, अंगभर बुडवूनच बाप्तिस्मा देतात. १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला दोन्ही रीती मान्य आहेत.

महाराष्ट्रात वाद पाणी किती हवे यापेक्षा त्या पाण्याने जात जाते का, यावर अधिक पेटला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, जेवलाही. मात्र त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा १८५० मध्ये आला. पण घरच्या पंगतीपुढे या कायद्याचे काही चालत नव्हते.

शिष्यत्व आणि संस्कार एकाच दिवशी येतात असे नाही. पुण्यातून इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी तेथील मठातील भगिनींशी निकराने वाद घातला. त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे आत्मकथनात सांगितले. ती ओळख पटायला आणखी आठेक वर्षे गेली. लक्ष्मीबाई टिळकांचा क्रम नेमका उलटा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले आणि संसार मोडला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या सोवळे-ओवळे घेऊनच. आधी मनातून जातिभेद गेला, मग कोणाच्याही हातचे पाणी चालू लागले आणि त्यानंतर, १९०० मध्ये, बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा प्रवास ज्या मिस्कील सुरात आला आहे, तो कोणत्याही प्रश्नोत्तरीपेक्षा अधिक सांगून जातो.

खुद्द टिळकांनी या प्रश्नाला सर्वांत धाडसी वळण दिले. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबाराला मूळ धरायला अवधी मिळाला नाही.

दलित ख्रिस्ती कुटुंबांसाठी या संस्काराला कागदाची बाजूही आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवण्यात आला. तो पुढे शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) यांना मिळाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यात धरून अर्जदार महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला.