गरम पाण्याची कुंडं आणि गाठ शोधणारा कॅमेरा

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. आजचा विषय थोडा नाजूक आहे, पण घरात आई, मावशी, आत्या असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मी अंबाडीचा. आमच्या नाक्यावरून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलं की पुढे अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं लागतात, तानसा नदीच्या बाजूला. लहानपणी पाय बुडवून बसायचो आणि विचारायचो, "खाली चूल कोण पेटवतं?" जमिनीच्या पोटातली उष्णता पाण्याबरोबर वर येते, हे नंतर शाळेत कळलं.

हे आता का आठवलं? मागच्या वर्षी मावशीच्या छातीत गाठ लागली. बारीक, दुखत नव्हती. तिने दोन महिने कोणालाच सांगितलं नाही. मग कुठल्याशा शिबिरात गेली. तिथे कॅमेऱ्यासमोर बसायचं, कोणी हात लावत नाही, रेडिएशन नाही, दहा-पंधरा मिनिटांत मोकळं. रिपोर्टवर हिरवा शिक्का. मला फोन आला, "बघ, काही नाही निघालं. आता ते मॅमोग्राफी वगैरे नको."

मी इंजिनिअर माणूस. मशीन नेमकं काय मोजतं हे कळल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून शोधायला बसलो, आणि थेट सन १८०० मध्ये पोचलो.

त्या वर्षी विल्यम हर्शेल हा खगोलशास्त्रज्ञ लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवत होता. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. हाच इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त प्रकाश. त्याचा मुलगा जॉन याने १८४० मध्ये काजळी लावलेल्या कागदावर अल्कोहोल वापरून उष्णतेचं चित्र उमटवलं. थर्मोग्राम हा शब्द त्याचाच.

पुढे हे तंत्र लष्कराच्या कामाचं झालं, अंधारात माणूस आणि इंजिन शोधायला. वैद्यकात ते आलं माँट्रियलच्या रे लॉसन या सर्जनमुळे. १९५६ मध्ये त्याने लिहिलं की स्तनाच्या कॅन्सरवरची त्वचा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा सुमारे एक अंश सेल्सिअसने गरम आढळते.

कारण काय? वाढणाऱ्या गाठीला रक्त लागतं. ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते, असं १९७१ मध्ये जूडा फोकमन यांनी मांडलं. जास्त रक्त, जास्त चयापचय, म्हणून जास्त ऊब. यात खोटं काहीच नाही.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कॅमेरा शरीराच्या आत बघत नाही! एक्स-रे मांसातून आरपार जातो, तसा आपल्या अंगातून निघणारा इन्फ्रारेड जात नाही. कॅमेऱ्याला दिसते फक्त त्वचेची वरची सपाटी. म्हणजे कुंडाच्या पाण्यात बोट घालून खालच्या खडकाचा अंदाज बांधण्यासारखं. ऊब आहे हे कळतं. ती कुठून आली आणि कशामुळे, हे कळत नाही. गाठ खोल असेल, लहान असेल किंवा फार रक्त ओढत नसेल, तर वर काहीच उमटत नाही. उलट साधा संसर्ग, अंगावर पाजणं, पाळीचे दिवस, उन्हातून आलेलं अंग, यातलं काहीही चित्र लालभडक करू शकतं.

हे मोठ्या प्रमाणावर कळलं अमेरिकेत. १९७३ मध्ये तिथे एक प्रचंड प्रकल्प सुरू झाला. २,८०,००० च्या आसपास स्त्रियांची तपासणी, मॅमोग्राफी, हाताने तपासणी आणि थर्मोग्राफीही. काही वर्षांतच थर्मोग्राफी त्यातून काढून टाकली, कारण निम्म्याहून जास्त कॅन्सर तिच्या नजरेतून सुटत होते. १९८२ मध्ये तिथल्या एफडीएने तिला मान्यता दिली, पण फक्त जोडीची तपासणी म्हणून. मॅमोग्राफीऐवजी ती वापरू नका, असा इशारा एफडीए आजही देते.

मग विषय संपला का? नाही. कॅमेरे स्वस्त आणि बारीक झाले, आणि चित्र वाचायला एआय आलं. बंगळूरुत २०१६ मध्ये गीता मंजुनाथ यांनी निरामाई ही कंपनी सुरू केली, ती थर्मल चित्रांवर मशीन लर्निंग चालवते. केरळात त्रिशूरच्या सी-मेट संस्थेत डॉ. ए. सीमा यांनी तापमानाचे सेन्सर बसवलेली अंगात घालायची ब्रा बनवली. यातून चांगलं काही निघावं असं मलाही वाटतं, कारण आपल्याकडे लाज आणि अंतर हे दोन्ही अडथळे खरे आहेत. फक्त माझ्या धंद्यातला नियम इथेही लागू होतो : जी माहिती सेन्सरपर्यंत पोचलीच नाही, ती कुठलाही अल्गोरिदम पैदा करू शकत नाही.

आणि आता आपल्या मुंबईची गोष्ट. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत, असे चार वेळा. कॅमेरा नाही, मशीन नाही. निकाल २०२१ मध्ये आला. पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयात मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

वीस वर्षं मोजून, माणसं जगली की नाही हे बघून काढलेला निकाल आहे हा. थर्मोग्राफीच्या बाजूने असा पुरावा अजून नाही.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "इतिहास राहू दे, मला भीती वाटते ते सांग ना." मग मी गप्प झालो. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि तिला घेऊन गेलो. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने तपासणीही झाली. आठवडाभर घरात कोणाला नीट जेवण गेलं नाही.

गाठ साधी निघाली.

म्हणजे हिरवा शिक्का बरोबर होता? हो, या वेळी होता. पण ते आम्हाला सुईच्या रिपोर्टवरून कळलं, शिक्क्यावरून नाही. गाठ हाताला लागत असताना हिरव्या रंगावर विसंबून थांबलो असतो आणि उत्तर वेगळं असतं, तर ते दोन महिने आणि पुढचे कितीतरी महिने परत आणता आले नसते.

म्हणून एवढंच लक्षात ठेवा. थर्मल रिपोर्ट लाल आला तर घाबरू नका, डॉक्टर गाठा. हिरवा आला आणि गाठ लागतेय, तरीही डॉक्टर गाठा. आणि आज घरी गेल्यावर आईला एकदा विचारा. ती विषय टाळेल. तरी विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!