कोकमाचे मोल कॅप्सूलमध्ये नाही

कोकमाबद्दल हल्ली एक मत सर्रास ऐकू येते. या फळाचे खरे धन म्हणजे सालीतले हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. त्याचा अर्क काढा, कॅप्सूल भरा, वजन उतरवणारे औषध म्हणून विका, की कोकणाचे भले झालेच. हे मत मला मान्य नाही.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. शरीरात चरबी तयार करणाऱ्या साखळीतले एक विकर हे आम्ल रोखते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. उंदरांवरही परिणाम दिसला आहे. पण माणसाचे काय? १९९८ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. १३५ लठ्ठ व्यक्ती, १२ आठवडे, सर्वांना सारखाच कमी उष्मांकांचा आहार. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी. आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, न घेणाऱ्यांचे ४.१ किलो. शिवाय तो अर्क कोकमाचा नव्हताच. केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीचा होता. तिच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. असल्या आधारावर कोकमाची जाहिरात करणे म्हणजे गिऱ्हाइकाची दिशाभूल.

सरबताला सरसकट ‘आरोग्यपेय’ म्हणणेही तितकेच घाईचे. अमृत कोकम या पाकात साखर भरपूर आणि आगळ या कोकमाच्या रसात मीठ. मधुमेही नि रक्तदाबाच्या रुग्णांना हे स्पष्ट सांगायलाच हवे.

मग कोकमात आहे काय? पुष्कळ आहे. सालीचा लालजांभळा रंग अँथोसायनिनांचा. आंबट पदार्थांत तो खुलतो, मात्र उष्णतेने उतरतो. म्हणून रंग टिकवणारी प्रक्रिया हवी. त्याहून दुर्लक्षित आहे ती बी. आमसुलांसाठी साल रसात बुडवून पुन्हापुन्हा उन्हात घालतात, बिया मात्र पुष्कळदा उकिरड्यावर जातात. जुन्या बायका त्या वाळवून कुटत, पाण्यात उकळत, वर आलेले तेल काढून थिजल्यावर मुठीत वळत. तेच मुठेल, टाचांच्या भेगांवरचे. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर, म्हणून ते उन्हाळ्यातही घट्ट राहते आणि चाळिशीच्या आसपासच्या तापमानाला वितळते. युरोपीय संघाने २००० सालच्या नियमांत चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जोडीला जे सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ मर्यादित प्रमाणात चालवून घेतले, त्यांत कोकमही आहे. इथे प्रभाव सिद्ध करण्याचा प्रश्नच नाही; गुणधर्म मोजता येतो आणि मालाला गिऱ्हाईक आहे.

अडचण वेगळीच आहे. पाऊस लागला की झाडावरची उरलीसुरली रातांबी, म्हणजे कोकमाची फळे, कुजतात आणि साली वाळवायला ऊन मिळत नाही. रोपांतली बरीच झाडे नर निघतात, तेही फुलोऱ्यावर आल्यावर कळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी जात दिली, कलमांचा मार्ग दाखवला. आता गावोगाव वाळवणयंत्रे आणि बियांचे घाणे हवेत. पैसा आणि संशोधन तिकडे वळवले, तर वजन उतरवण्याची खोटी हमी न देताही बागायतदाराच्या हाती दोन पैसे पडतील.