गोळीचे वेष्टन आणि नळीतील मळ : ठासणीच्या बंदुकीपासून खडकीच्या काडतुसापर्यंत

वर्धा–आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) सारख्या शेतीप्रधान गावातील शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. या बंदुकीत शिशाची उघडी गोळी किंवा छर्रे ठासले जातात. त्याच वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे आणि तेथे साठविल्या जाणाऱ्या लष्करी काडतुसांचे युग संपूर्णपणे धातूच्या वेष्टनातील गोळीचे आहे. उघड्या शिशापासून धातूच्या वेष्टनापर्यंतचा हा प्रवास सामान्यतः गोळीचा वेग व पल्ला यांच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु प्रत्येक टप्प्यावर नळीत मागे राहणाऱ्या मळाचा प्रश्न तितकाच निर्णायक होता, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषांच्या रूपाने उरतो. काही बार काढताच नळीत त्याचा कठीण थर जमतो. गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी मुळातच सैल असल्याने हा थर चालून जाई. नळीत चर पाडले गेले, गोळी त्या चरांत घट्ट बसणे आवश्यक झाले आणि अडचण उभी राहिली. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीत (व्यास ०.५७७ इंच) गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवून तिच्याभोवती चरबी व मेण लावलेला कागद गुंडाळलेला असे. बार होताच मऊ शिसे फुगून चरांत बसे. वंगणामुळे दारूचा मळ मऊ राहून पुढची गोळी ठासता येई.

पाठ्यपुस्तकांत चरबी कोणत्या प्राण्याची होती हा प्रश्न येतो. ती मुळात कशासाठी होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथे शिपायांत असंतोष प्रकट झाल्यानंतर शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे वंगण लावावे, अशी मुभा सरकारने दिली. पुढे काडतूस दाताने न तोडता हाताने फाडण्याचीही परवानगी मिळाली. म्हणजे चरबी बदलता येत होती, वंगण मात्र टाळता येत नव्हते. तोवर संशय कागदावरच गेला होता. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तातही काडतुसांची वार्ता आहे. नळी स्वच्छ ठेवण्याच्या एका तांत्रिक उपायाने धर्माच्या प्रश्नाचे रूप घेतले, याला कारण तो उपाय ज्यांनी योजला आणि ज्यांच्या हाती दिला त्यांच्यामधील अविश्वास होय.

उठावानंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे देण्याचे धोरण रूढ झाले. याच काळात, १८६९ साली, पुण्याजवळ खडकी येथे काडतुसांचा कारखाना उभा राहिला. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची ०.४५ इंची गोळी शिशात कथील मिसळून कठीण केलेली होती व तिच्याभोवती कागदाचे वेष्टन होते. शिशाचा नळीशी प्रत्यक्ष स्पर्श होऊ नये, हा त्यामागील हेतू. लेप दिलेल्या ओतीव गोळीचे तत्त्व या कागदात पूर्णपणे आलेले आहे.

१८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीने व्यास ०.३०३ इंचावर आणला आणि तांबे-निकेल मिश्रधातूचे वेष्टन आणले. येथे इतिहासाची एक गंमत आहे. मेटफर्ड यांचे उथळ, गोलसर चर काळ्या दारूचा मळ साचू नये म्हणून आखलेले होते. परंतु थोड्याच वर्षांत कॉर्डाइट ही धूरहीन दारू आली. दारूचा मळ जवळजवळ संपला आणि तिच्या उष्णतेने तेच उथळ चर झिजू लागले. १८९५ मध्ये पाच खोल चरांची एनफिल्ड पद्धत स्वीकारावी लागली. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे चारशे मीटरवरून सहाशेपर्यंत गेला. ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारे उघडे शिसे अशा दाबात व घर्षणात टिकत नाही. ते खरवडले जाऊन चरांत चिकटते. वेष्टनाने हा दोष दूर केला, पण तांबे-निकेलच्या गुठळ्या नळीत चिकटू लागल्या. त्या काढण्यास तीव्र अमोनियाचे द्रावण लागे. काडतुसाच्या टोपीतील क्षार गंज चढवीत, म्हणून नळीतून उकळते पाणी ओतण्याची शिस्त वेगळीच. १९२० च्या दशकात अमेरिकेने तांबे व थोडे जस्त यांच्या मिश्रधातूचे वेष्टन स्वीकारले, तेव्हा गुठळ्यांचा त्रास बराच कमी झाला.

वेष्टनाला विरोध झाला तो वेगळ्या कारणाने. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर पूर्ण वेष्टित गोळी शत्रूला जागीच थोपवीत नाही, अशी तक्रार आली. दमदमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. २९ जुलै १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने, गाभा पूर्णपणे न झाकणाऱ्या वेष्टनाची गोळी निषिद्ध ठरविली. ब्रिटनने तो १९०७ मध्ये मान्य केला. या वादात नैतिक बाजू योग्यच अग्रभागी राहिली, तथापि तांत्रिक बाजूही दुर्लक्षणीय नाही. वेष्टन टोकाशी व तळाशी दोन्हीकडे उघडे असेल, तर गाभा पुढे निघून जाऊन वेष्टन नळीतच अडकण्याचा धोका असतो आणि पुढचा बार अशा नळीतून निघाल्यास नळी फुटू शकते.

एकाच नळीतून कधी वेष्टित, तर कधी ओतीव शिशाची गोळी झाडण्याचा प्रश्नही याच इतिहासातून उद्भवतो. वेष्टित गोळीने मागे सोडलेले तांब्याचे पट्टे खरखरीत असतात. त्यांवरून शिशाची गोळी गेल्यास शिसे अधिक खरवडते आणि नेम बिघडतो. उलट क्रमात, वेष्टित गोळी आधीचे शिसे घासून काढते, असा समज नेमबाजांत दिसतो. तो पूर्णपणे चुकीचा नाही. मात्र थर जाड असल्यास नळी अरुंद होऊन दाब वाढतो. म्हणून गोळीचा प्रकार बदलण्यापूर्वी नळी स्वच्छ करणे हाच सुरक्षित मार्ग. शिसे व तांबे निरनिराळ्या रीतीने निघतात. शिशाला ब्रशाने घासणे लागते, तांब्याला अमोनियायुक्त द्रावण. एकाचा उपाय दुसऱ्याला पुरत नाही.

अलीकडच्या काळात, विशेषतः परदेशातील नेमबाजांत, ओतीव गोळीवर पॉलिमरचा लेप देऊन तो भट्टीत पक्का करण्याची पद्धत रूढ झाली आहे. लेप तळासह सर्व बाजूंनी सलग असेल व गोळीचा व्यास नळीला जुळत असेल, तर शिसे नळीला लागत नाही. लेप कच्चा वा पातळ राहिला, तर शिशाचा जुना दोष परत येतो. मार्टिनी-हेन्रीच्या कागदाने जे काम केले, तेच हा लेप करतो.

खडकीचा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीत समाविष्ट झाला असून, तिचे मुख्यालय पुण्यात आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा काडतुसांचा कारखाना याच कंपनीत आहे. त्यांच्या लष्करी काडतुसांत शिसे धातूच्या वेष्टनाने झाकलेले असते. ठासणीच्या बंदुकीत ते आजही उघडेच आहे, आणि बार काढल्यावर तिची नळी आजही पाण्यानेच धुवावी लागते.